यादीत नाव कोणी घालावयाचे?

आमच्या शहापुरात नामसप्ताहाच्या पंधरा दिवस आधी देवळाच्या ओसरीवर एक बैठक भरते. भंडाऱ्याहून नागपुराकडे जाणारा हमरस्ता गावाला लागूनच असल्यामुळे मालमोटारींचा घरघराट अखंड चालू असतो, आणि प्रत्येक गोष्ट दोनदा ओरडून सांगावी लागते. ह्या बैठकीत स्वयंसेवकांची यादी करावयाचे काम गेली अकरा वर्षे आमच्याकडे आहे. शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तराकडे असली कामे आपोआप चालत येतात. त्याचे अक्षर बरे असते आणि त्याच्यापाशी वेळ पुष्कळ असतो. मंडप, पाणी, दिवाबत्ती, वर्गणी, वाढपी, जोड्यांची राखण अशी खाती आम्ही पाडतो व प्रत्येक खात्यापुढे पाचसात नावे लिहितो. शेवटच्या ओळीत दरसाल एकच मजकूर असतो : ‘स्वयंपाक – महिला मंडळ.’ त्यापुढे नाव नसते. अकरा वर्षांत ह्या ओळीकडे आम्ही निरखून पाहिले नव्हते, हे येथे कबूल केले पाहिजे.

गेल्या मार्गशीर्षात आमच्या थोरल्या वहिनी वारल्या. काल्याच्या दिवशी उठणाऱ्या पंगतींचा भात, वरण, आलू-वांग्याची भाजी आणि बुंदी ही सर्व व्यवस्था चाळीस वर्षे त्यांच्या नजरेखाली होत असे. बैठक बसली तेव्हा कोणी विचारले, हजार पानांस तांदूळ किती घ्यावयाचे? आम्ही समितीची सात माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. वर्गणीचा हिशेब पैपर्यंत पाठ असलेल्या आमच्या खजिनदारांसही ते सांगता येईना. शेवटी आमच्या पुतणसुनेने वहिनींची एक जुनी वही आणून दिली.

त्या वहीत तांदळाचे माप होतेच; पण त्याहून अधिक होते ते निराळेच. पानोपानी बायकांची नावे, आणि नावापुढे खुणा. अमकीचे मूल अंगावर पिते, तिला सकाळचे काम देऊ नये. तमकीची कंबर दुखते, तिच्याकडे बसून निवडण्याचे काम. ह्या दोन जावांत अबोला आहे, त्यांना एका चुलीवर बसवू नये. एक नाव मात्र सलग सहा वर्षे लिहिलेले होते व प्रत्येक वेळी त्यापुढे ‘आली नाही’ असा शेरा होता. सातव्या वर्षी ‘आली’ एवढाच शब्द. ही बाई कोण ते आम्हांस ठाऊक आहे. पतीच्या मृत्यूनंतर ती चार माणसांत येत नसे. वहिनींनी तिला सहा वर्षे बोलावणे धाडले आणि सातव्या वर्षी ती आली. समितीच्या दप्तरात ह्याची कोठेही नोंद नाही. खरी यादी आमच्या घरातच माजघरात होत होती. आम्ही ओसरीवर केली ती तिची पोकळ नक्कल.

ह्याच सुमारास अमेरिकेत युटा राज्यात राहणाऱ्या आमच्या एका भाच्याशी फोनवर बोलणे झाले. त्याच्या शेजारची बहुतेक कुटुंबे मॉर्मन पंथाची आहेत. ख्रिस्ती धर्माची ही शाखा न्यूयॉर्क प्रांतात १८३० साली जोसेफ स्मिथ नावाच्या तरुणाने काढली. २०१८ पासून त्या पंथाच्या वरिष्ठांनी ‘मॉर्मन’ हे टोपणनाव वापरू नये, पूर्ण नाव घ्यावे, असे सांगितले आहे, पण लोकांच्या तोंडी जुनेच नाव आहे. भाच्याने सांगितलेली एक गोष्ट आमच्या मनात घर करून राहिली. त्यांच्या गावोगावच्या मंडळीस पगारी धर्मोपदेशक नसतो. मंडळीचा प्रमुख बिशप हा कोणी शिक्षक, कोणी वकील, कोणी दुकानदार असतो व साधारण पाच वर्षे विनावेतन ते काम करून पुन्हा आपल्या जागी जाऊन बसतो. मुलांना शिकविणे, आजाऱ्यांचा समाचार घेणे, भजनाची साथ करणे ही सगळी कामे मंडळीतील माणसेच करतात. परंतु ‘मी करतो’ म्हणून कोणी पुढे यावयाचे नसते. वरून बोलावणे यावयाचे, आणि मग सभेत नाव वाचून दाखविल्यावर सर्वांनी उजवा हात वर करून संमती द्यावयाची.

ह्या पद्धतीत एक मोठा गुण आहे. जे आपण होऊन हात वर करतात तेच नेहमी योग्य असतात असे नाही. चाळीस वर्षे वर्ग चालविलेल्या माणसास हे सांगावे लागत नाही. पहिल्या बाकावरचा मुलगा दर प्रश्नाला हात वर करतो आणि उत्तर ठाऊक असलेली मुलगी मागे मान खाली घालून बसते. तिला नाव घेऊन उठवावे लागते. पण दोषही त्यातच आहे. बोलावणाऱ्याची दृष्टी जेथवर पोहोचेल तेथवरच बोलावणे पोहोचते. मॉर्मन पंथात पौरोहित्याचा अधिकार पुरुषांनाच आहे, म्हणून अंतिम बोलावणे पुरुषाच्या मुखातून येते. त्यांच्या स्त्रियांची ‘रिलीफ सोसायटी’ ही संस्था मात्र १७ मार्च १८४२ इतकी जुनी आहे. इलिनॉय राज्यात नावू ह्या गावी वीस स्त्रियांनी ती स्थापिली व जोसेफ स्मिथांची पत्नी एमा ही तिची पहिली अध्यक्षा झाली. आजही प्रत्येक मंडळीत ह्या संस्थेची अध्यक्षा स्त्रीच असते. तिने आपल्या साहाय्यकांची नावे सुचवावयाची आणि बिशपाने ती मान्य करावयाची. ह्या पंथाच्या मोठ्या षण्मासिक अधिवेशनात स्त्रीने प्रार्थना म्हणण्याचा प्रसंग मात्र २०१३ च्या एप्रिलपर्यंत उजाडला नव्हता, आणि बाप्तिस्म्यास स्त्री साक्षीदार म्हणून उभी राहू शकते असे ठरले ते २०१९ साली.

हे ऐकून आमच्या वाचकांपैकी काहींस हसू येईल. ते हसू आवरून धरावे. आमच्या महाराष्ट्रात ह्या प्रश्नाला एका ब्राह्मण विदुषीने हात घातला होता आणि तिच्याशी आपण कसे वागलो हे आठवले म्हणजे हसण्याचा अधिकार फारसा उरत नाही.

पंडिता रमाबाईंचे नाव आमच्या घरी लहानपणी दोन सुरांत घेतले जाई. आजोबा ‘सरस्वती’ म्हणत आणि लगेच सुस्कारा टाकीत. अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी लोकांचा रोष पत्करून आपल्या पत्नीस संस्कृत शिकविले. त्या मातेने मुलीस शिकविले. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईबाप गेले, आणि भावाबरोबर पायी देश फिरत फिरत ही मुलगी १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली, तेव्हा तेथील पंडितसभेने तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या. बंगाली गृहस्थाशी विवाह, दीड-दोन वर्षांत वैधव्य, कडेवर मनोरमा. आणि १८८२ साली त्या पुण्यास आल्या. त्याच वर्षी त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज काढला. स्त्रियांनी एकत्र जमावे, स्त्रीनेच बोलावे, स्त्रियांनीच ऐकावे, अशी ही आमच्याकडची आद्य सभांपैकी एक. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई ह्याच सभांत तयार झाल्या व पुढे त्यांनी सेवासदनाचा एवढा पसारा वाढविला, हे सर्वश्रुत आहे.

१८८३ साली पंडिता रमाबाई विलायतेस गेल्या व तेथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ह्या घटनेचे दुःख आमच्या पिढीपर्यंत झिरपलेले आहे व ते आम्ही लपवीत नाही. परंतु पुढची हकीकत आम्हांस कोणी सांगितली नव्हती; ती आम्ही उतारवयात वाचली. चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या विद्यालयात रमाबाई शिकत व संस्कृत शिकवीत असता, त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांसही शिकवावे अशी गोष्ट निघाली. तेव्हा मुंबईच्या व लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. तरुण पुरुषांना स्त्रीने शिकविणे शोभत नाही, आणि हिंदुस्थानात ह्याचा परिणाम वाईट होईल, असा त्यांचा मुद्दा होता. रमाबाईंना ह्याचा संताप आला. आपल्या देशात आपण पुरुषांच्या भरसभांतून व्याख्याने दिली आहेत, मग येथेच मज्जाव का, असे त्यांनी लिहिले. म्हणजे कलकत्त्याच्या शास्त्र्यांनी जी मोकळीक दिली ती ह्या धर्माधिकाऱ्यांना देववेना! घर सोडून गेलेल्या मुलीस परक्या दारीही तोच उंबरठा आडवा आला.

परत आल्यावर त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन काढले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई ह्याच पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या सहधर्मचारिणी आनंदीबाई. १८९३ साली मुलींच्या धर्मांतराविषयी संशय उठला, ‘केसरी’ने झोड उठविली, रानडे-भांडारकरांनी सल्लागारपद सोडले आणि पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या. त्या वादात रमाबाईंची चूक नव्हतीच असे आम्ही म्हणणार नाही. विश्वासाने मुली सोपविणाऱ्या घरांचेही काही म्हणणे होते. पण एवढे खरे की त्यानंतर त्यांना पुरुषांची समिती अशी उरली नाही, आणि पुढचे जे मोठे काम झाले ते त्यांनी आणि त्यांच्या मुलींनीच केले.

१८९६-९७ चा दुष्काळ मध्यप्रांतात पडला. भंडारा जिल्हा तेव्हा मध्यप्रांतातच होता, म्हणून ही हकीकत आम्हांस परकी वाटत नाही. स्वतः दुष्काळात पोरकी झालेली ही बाई ह्या प्रांतात आली आणि सुमारे तीनशे मुली व तरुण विधवा बरोबर घेऊन गेली. पुण्यात प्लेगामुळे त्यांना ठेवू देईनात, तेव्हा दौंडच्या वाटेवर केडगावी घेतलेल्या शेतजमिनीवर त्यांची सोय केली. हेच मुक्तिसदन. १९०० च्या सुमारास तेथील माणसांची संख्या दीड हजारांच्या वर गेली. विहिरी, शेती, विणकाम, छापखाना, शाळा, प्रार्थनामंदिर, सगळे त्या वसाहतीत होते व बहुतेक सगळे बायकांच्या हातांनी चाले. रमाबाईंच्या हाताखाली सुंदराबाई पवार, अमेरिकेहून आलेल्या मिनी एब्रम्स व स्वतःची कन्या मनोरमा ह्या कर्त्या स्त्रिया होत्या.

आता यादीची गोष्ट. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी आपल्या मुलींसमोर सांगितले की रोज एकत्र जमून विशेष प्रार्थना करणाऱ्या मला हव्या आहेत. ज्यांची इच्छा असेल त्यांनी यावे. सत्तर जणी आल्या. नेमणूक नव्हती, पद नव्हते. जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेंवर गेली. मग त्यांनी विचारले की भोवतालच्या खेड्यांत जाऊन बोलण्यास कोण तयार आहे? तीस तरुणींनी नावे दिली. ह्या कोण होत्या? दुष्काळात रस्त्यावर सापडलेल्या, बालविधवा, घराने टाकलेल्या. ज्यांना जन्मात कोणी ‘तुला काय वाटते’ असे विचारले नव्हते. त्यांच्या उपदेशाचा विषय आमच्या पसंतीचा नाही. परंतु ज्या मुलीस भाकरी मागतानाही मान वर करता येत नव्हती ती सात-आठ वर्षांत अनोळखी गावी चार माणसांपुढे उभी राहून बोलते, ही शिक्षकाच्या दृष्टीने लहानसहान गोष्ट नव्हे. आम्ही चाळीस वर्षांत किती मुलींस असे उभे केले, हे मोजावयास बसलो आणि थांबलो.

मॉर्मनांची रीत आणि केडगावची रीत एकमेकींच्या उलट दिसतात. तेथे बोलावणे, येथे आवाहन. पण रमाबाईंचे आवाहन निभले ह्याचे कारण त्याआधीची कित्येक वर्षे त्यांनी त्या मुलींना एकेक नावाने बोलाविले होते. जिचे नाव कोणी घेतले नाही ती आपण होऊन नाव देत नाही. वहिनींच्या वहीतील सहा वर्षांचे ‘आली नाही’ आम्हांस येथे समजले.

रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी केलेले बायबलाचे मराठी भाषांतर त्यांच्या मागून, १९२४ साली, केडगावच्याच छापखान्यातून निघाले. सामान्य बायकांना कळावे म्हणून त्यात त्यांनी संस्कृत शब्द कटाक्षाने टाळले. ज्या भाषेने पदवी दिली तीच भाषा टाळणे संस्कृताच्या ह्या विद्यार्थ्यास बोचते. पण त्यामागचा हेतू नाकारता येत नाही.

हिंदू धर्माच्या चौकटीत असे काही झालेच नाही, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. नगर जिल्ह्यात (आता त्यास अहिल्यानगर म्हणतात) साकोरी येथे उपासनीबाबांनी कन्याकुमारीस्थान काढले. तेथे कन्या वेदपठण करतात, यज्ञ करतात. १९४१ साली बाबा गेल्यावर गोदावरीमातांनी ते पीठ जवळजवळ अर्धशतक, म्हणजे १९९० पर्यंत सांभाळले. पुण्यात थत्तेमामांनी शंकर सेवा समितीच्या द्वारे १९७५ च्या पुढेमागे स्त्रियांना पौरोहित्य शिकविण्यास आरंभ केला. ज्ञानप्रबोधिनीनेही पुढे ते काम हाती घेतले. आज पुण्या-मुंबईत लग्नमुंजीस स्त्री-पुरोहित बोलाविणे नवलाचे राहिलेले नाही. आमच्या भागात अजून आहे. गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेस बायका येतात, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत महिलोन्नतीवर स्वतंत्र अध्यायच लिहिला आहे. पण तो वाचून दाखविणारा बहुधा पुरुष असतो.

ह्यावर एक व्याकरणाची गोष्ट सुचते. वाचकांस कंटाळा येईल, तरी सांगतो. पाणिनीच्या परंपरेत ‘आचार्यानी’ आणि ‘आचार्या’ असे दोन शब्द आहेत. पहिली म्हणजे आचार्यांची पत्नी. दुसरी म्हणजे स्वतः शिकविणारी. दोन निराळे शब्द लागले, त्या अर्थी दोन्ही प्रकारच्या स्त्रिया त्या काळी असाव्यात. हल्ली ग्रामपंचायतीत निम्म्या जागा स्त्रियांस राखीव आहेत, आणि बाई सरपंच झाली की कारभार करणाऱ्या नवऱ्यास लोक ‘सरपंचपती’ म्हणतात. म्हणजे आचार्या निवडून आणावयाची आणि घरी जाऊन तिची आचार्यानी करावयाची! शनिशिंगणापुरास २०१६ च्या जानेवारीत देवस्थानाच्या विश्वस्तांनी प्रथमच एका स्त्रीस अध्यक्षा निवडले. चौथऱ्यावर स्त्रियांनी चढू नये ही प्रथा त्यानंतरही चालूच राहिली; ती मोडली उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर, त्या एप्रिलात. खुर्चीवर बाई बसली म्हणजे चौथरा मोकळा होतोच असे नाही.

असो. आमच्या बैठकीकडे वळू.

आठ वर्षांपूर्वी वहिनींनी आम्हांस निरोप पाठविला होता की किराण्याचे पैसे आगाऊ आमच्या हाती द्यावेत. दरवेळी चिठ्ठी लिहून समितीकडे मागावे लागते व ऐन वेळी गूळ कमी पडतो. आम्ही तो निरोप बैठकीत मांडलाही नाही. ‘वहिनी, हिशेबाची कटकट तुमच्या मागे कशाला?’ असे गोड बोलून वाटेला लावले. त्यावर त्या एवढेच म्हणाल्या, ‘बरं, भाऊजी.’ त्या वर्षीच्या पानावर वहीत गुळापुढे त्यांच्या स्वतःच्या पैशांतून आणल्याची खूण आहे. पुढच्या प्रत्येक वर्षीही आहे. सात वर्षांची बेरीज आम्ही केली. आकडा येथे लिहीत नाही.

ह्या खेपेस स्वयंपाकाची जबाबदारी पुतणसुनेने घ्यावी असे सर्वांस वाटले, म्हणून आम्ही तिला विचारण्यास गेलो. ती पोळ्या लाटीत होती. म्हणाली, ‘काका, घेते. पण माझ्याबरोबर कोण असावं ते मी ठरवीन, समितीनं नाही. आणि किराण्याचे पैसे आधी माझ्या हातात.’ मग थोडे थांबून, ‘आणि बैठकीला मी ओसरीवर बसेन. आतून निरोप नाही पाठवणार.’

हे बैठकीत सांगितल्यावर पैशांची अट अर्ध्या घटकेत मान्य झाली. ओसरीवर बसण्याच्या अटीवर दोन तास गेले. एक वयोवृद्ध सभासद म्हणाले की बायका बसल्या म्हणजे मोकळेपणाने बोलता येत नाही. आम्ही विचारले की आजवर आपण मोकळेपणाने काय बोललो? त्यावर ते रागावून उठून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरून त्यांच्या सुनेचे नाव आले. पुतणसुनेने ते वहीत लिहून घेतले आणि पुढे खूण केली, कसली ते आम्हांस दाखविले नाही.

यादी आता आमच्यापुढे आहे. शेवटच्या ओळीत ‘स्वयंपाक’ ह्या शब्दापुढे प्रथमच नावे आली आहेत, एकूण एकतीस. बैठक पुन्हा रविवारी आहे. ओसरीवर तिची सतरंजी कोठे घालावयाची ह्याचा निकाल अजून लागावयाचा आहे. तांदळाचे माप वहीतून उतरून घेतले. गुळाचे पैसे काल तिच्या हाती दिले, आणि पावती मागितली नाही. तिने मात्र लिहून दिली.